गुपचूप कुणाच्या मागे उभा राहतो?

केतकीला त्या यंत्रमानवाचा पहिल्या दिवसापासून संशय होता. चंद्रगाडी स्पर्धेच्या आयोजकांनी प्रत्येक शाळेला एकेक मदतनीस यंत्रमानव दिला होता. केतकीच्या चिपळूणमधल्या शाळेत आलेला फारसा बोलायचा नाही, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं गुपचूप. आता मदतनीस कसला, दिवसभर नुसता उभा! आणि तोही कुठे, तर संघाची कप्तान केतकी हिच्या अगदी पाठीशी.

तिकडे मुलं बनवत असलेली चंद्रगाडी रखडली होती. शनिवारच्या चाचणीत वाळूचा चढ चढली, तर पुढच्या यानातून ती खरोखर चंद्रावर जाणार होती. केतकी दहावीत, त्यामुळे तिची ही शेवटचीच संधी. सगळी मुलं शाळा सुटली तरी घरी जात नव्हती, पण काम काही पुढे सरकेना. मग वेळ जातो कुठे? कुणीतरी मुद्दाम खोडा घालतंय, असं तिच्या मनाने घेतलं. गुपचूपच्या छातीवरचा दिवा तर सारखा लुकलुकत होता. दुसऱ्या शाळेला आपली बातमी पोचवत असेल मेला!

गुरुवारी तिचा पारा चढला. हातातला पाना टेबलावर आपटून तिने विचारलं, "तू माझ्यावर पाळत का ठेवतोस?"

"पाळत नाही. मी अडणीच्या जागेजवळ उभा राहतो," गुपचूप म्हणाला. दिव्याचं विचारलं, तर तो चार्जिंग कमी झाल्याचा निघाला.

अडणीची जागा (जिथे येऊन सगळ्यांचं काम थांबून राहतं ती जागा) म्हणजे काय, ते त्याने समजावून सांगितलं. समज, घरात चौघं जण पोळ्या लाटतायत आणि तवा एकच आहे. लाटणाऱ्यांनी कितीही घाई केली, तरी पोळ्या होणार त्या तव्याच्याच चालीने. लाटलेल्यांचा ढीग तेवढा वाढेल आणि त्या एकमेकींना चिकटून बसतील. म्हणून वेळ वाचवायचा, तर आधी तवा शोधायचा. तो रिकामा राहू द्यायचा नाही, आणि जमलं तर दुसरा मांडायचा.

"मग आमचा तवा म्हणजे थ्री-डी प्रिंटर (प्लॅस्टिकचे थर रचून भाग घडवणारं यंत्र)," केतकी म्हणाली.

पण प्रिंटर तर सकाळपासून थंड पडला होता.

"चाकाची आकृती, तारांची जोडणी, सगळं तुझ्या टेबलावर आहे. तू तपासल्याशिवाय काही पुढे न्यायचं नाही, असा तुझा हुकूम आहे," गुपचूप म्हणाला. "तवा तू आहेस."

केतकीचा चेहरा पडला. चाकं करणारा अब्बास खरोखरच कधीचा हातावर हात ठेवून बसला होता. कुणी चुकेल, या भीतीने तिने एकावरही विश्वास टाकला नव्हता, आणि संशय मात्र गुपचूपवर. तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग तिने कामं वाटली. चाकं अब्बासने तपासायची, तारांची जोडणी ती करणाऱ्या सईने. सगळ्यांचे भाग मिळून जे ठरतं, ते गाडीचं वजन तपासणं तेवढं तिने आपल्याकडे ठेवलं. थोड्याच वेळात प्रिंटर घरघरू लागला, आणि गुपचूप हळूच जाऊन त्याच्याशेजारी उभा राहिला. अडणीची जागा हलते, ती पुन्हा पुन्हा शोधावी लागते, हे केतकीला न सांगता कळलं.

संध्याकाळी अब्बासने सवयीने नवं चाक तिच्यापुढे धरलं. तिचे हात शिवशिवले.

"तू तपासलंस ना?"

"हो."

"मग बसव. त्याला चंद्रावर जायचंय, माझ्या टेबलावर नाही."