चरावरच्या दोन काठ्या

जावई कसा नसावा हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने सिब्रेनला चिखलात चालताना बघावं, असं बाउक्येचं ठाम मत होतं. ओळीत म्हणून राहायचं नाही! फ्रिसलंडच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्र मागे सरला की चिखल तुडवत पार बाहेरच्या पुळणीपर्यंत जाता येतं, पण ते पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकून. हा मात्र इथे शिंपला उचल, तिथे किडा उकर, आणि मागून हाका मारून सगळ्यांना थांबव.

"रिक्स्त, तुझ्या नवऱ्याला दोरी बांध," बाउक्ये मागे न बघताच लेकीला म्हणाली.

"आई, मजेत आहे तो. असू दे ना."

"मजेत बदक असतं. त्याला पोहताही येतं."

काळ्या पायांचा छोटा चिखल्या पुळणीवर परत आलाय, अशी बातमी एका कोळ्याने आणली होती. बाउक्येच्या तरुणपणी हे पक्षी तिथे अंडी घालत. मग ते नाहीसे झाले ते झालेच. गावातले पक्षीवाले कोळ्याला हसले. बाउक्ये हसली नाही. तिला तो पक्षी पुन्हा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता, आणि गुडघे पुढच्या वसंतापर्यंत टिकतील याची तिला खात्री नव्हती.

वाटेत खोल चर होता. त्यातून पार व्हायला एकच टणक जागा. तिच्या दोन्ही अंगांना वाळुंजाच्या दोन काठ्या रोवलेल्या. त्यांच्या मधून गेलात तर पाणी पोटरीभर, बाहेर गेलात तर चिखल मांडीपर्यंत गिळणार. बाउक्येने आपल्या लांब काठीने तळ चाचपला आणि दोघांना पार नेलं.

पुळणीवर पोचून मायलेकींनी गरम कॉफी ओतली, साखरेचा पाव मोडला आणि दुर्बिणी समुद्राकडे लावल्या. विटकरी छातीचे लांबचोचे हजारोंनी उतरत होते, उठत होते, पुन्हा उतरत होते. उत्तरेला निघायची घाई त्यांच्या पंखांत मावत नव्हती. बाउक्येचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. वारा फिरला होता. सकाळी गालावर होता, आता थेट वायव्येकडून कपाळावर आपटत होता.

तेवढ्यात सिब्रेन धापा टाकत आला. "आई! सापडला! अंड्यांवर बसलाय! त्या शिंपल्यांच्या ढिगामागे, चला!"

बाउक्ये उठली. दोन पावलं टाकली आणि थबकली. पाठीमागे चर खळखळत होता. भरतीला अजून वेळ होता. पण हा वारा पाणी वेळेआधी आत ढकलतो.

तिने एकदा शिंपल्यांच्या ढिगाकडे पाहिलं. किती जवळ होता तो!

"मागे फिरा," ती म्हणाली. "आत्ता!"

चराशी आले, तर पावलांच्या खुणा पाण्याखाली गेलेल्या. आणि काठ्या? काठ्याच नव्हत्या!

"दोन्ही काठ्या कुठे गेल्या?"

सिब्रेनचा चेहरा उतरला. "घरट्याच्या दोन बाजूंना रोवल्या. कुणाचा पाय पडू नये म्हणून... आमच्याकडे टिटवीचं घरटं दिसलं की लावतोच आम्ही. गवत कापणारा वळसा घालून जातो."

"समुद्रात गवत कोण कापतं रे?" रिक्स्त किंचाळली.

"चूक माझी आहे. जागा मी शोधतो!" म्हणत त्याने उडी टाकली. एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला मांडीपर्यंत खाली!

"हलू नकोस!" बाउक्ये ओरडली. "पालथा पड! छाती टेकव!"

ती स्वतः चिखलावर आडवी झाली. काठी पुढे सरकवली. रिक्स्तने मागून आईचे पाय धरले. सिब्रेनने काठी पकडली. ओढ! चिखलाने बूट ठेवून घेतला. ओढ! दुसराही गेला. पाणी हनुवटीला लागलं तेव्हा कुठे तो सुटला आणि बेडकासारखा सरपटत काठावर आला.

आता? पाणी वाढत होतं. पुळणही भरतीला कितपत उघडी राहील, या वाऱ्यात सांगता येत नव्हतं.

बाउक्ये दात आवळून चराकडे बघत राहिली. डावीकडे, चराच्या ऐन मध्यात, लाल चोचीचे शिंपलेफोडे दाटीने उभे होते. चोची खाली, आदळआपट चालूच. पाणी त्यांच्या पोटाला लागत होतं, तरी हलत नव्हते. तिथे शिनाणे, म्हणजे काळे शिंपले, होते. शिनाणे मऊ चिखलात धरत नाहीत!

"तिकडे! एकामागे एक! माझा कोट सोडलात तर याद राखा!"

पक्षी कलकलाट करत उडाले आणि त्यांच्या जागी ही तिघं उतरली. पायाखाली करकर शिंपले. टणक! पाणी आधी घोट्याला, पुढे शिंपल्यांचा पट्टा उतरत गेला तसं कमरेला. मग छातीला. अनवाणी सिब्रेनचे तळवे फाटत होते. लाट आली, रिक्स्त कलंडली, त्याने तिला दंडाला धरून उभी केली. आणखी थोडं! आणखी! मग पाणी मांडीवर आलं, गुडघ्यावर आलं, आणि किनाऱ्याच्या बांधावरच्या मेंढ्या दिसू लागल्या.

बांधाच्या गवतावर तिघं कोसळली. मागे सगळा समुद्रच होता. बऱ्याच वेळाने सिब्रेन उठून बसला.

"आई, माझ्यामुळे तुम्हाला पक्षी दिसला नाही."

बाउक्येने केसांतलं गढूळ पाणी पिळलं.

"चोर काठी उपटतो ना, तेव्हा निदान मागे वळून बघतो. तू चांगलं काम करत होतास, म्हणून बघितलंसुद्धा नाहीस. असल्या माणसाची मला चोरापेक्षा जास्त धास्ती वाटते. पुढच्या वसंतात आपण परत जायचं, सिब्रेन. पुढे तू चालायचंस, मागे मी. तुझे हात मला सतत दिसले पाहिजेत."