तीनदा बुजवलेलं दार

ताई वीस वर्षं घरांचे नकाशे काढत आली होती. त्यामुळे कागद बघितल्याशिवाय ती विकत घ्यायच्या घराला हो म्हणणार नाही, हे तिच्या धाकट्या बहिणीला, चिमीला, पक्कं ठाऊक होतं. चिमीच्या मनात मात्र घर भरलं होतं; त्यातही वरच्या बेडरूममधून आत जाणारी ती छोटी मागची खोली.

"ही माझी," काल दारातच तिनं जाहीर करून टाकलं.

"नंतर वाढवलेली दिसतेय," ताई म्हणाली. "परवानगी आहे का बघते."

म्हणून आज सकाळी ताई बांधकाम परवानगीच्या कार्यालयात उभी होती, आणि चिमी पडद्यांची मापं घ्यायला त्या घरी गेली होती.

कारकुनानं तीन फायली समोर टाकल्या. पहिली चौतीस वर्षांपूर्वीची. खोली वाढवण्याची नव्हे, पाडण्याची. भिंत खचली म्हणून मागची खोली पाडली, दार विटांनी बुजवलं, तपासणी झाली, दाखला मिळाला. नकाशात दारापलीकडे नुसती मोकळी हवा. ताईनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

दुसरी फाईल नंतरच्या मालकाची. तेच दार बुजवलेलं. तिसरी आत्ताच्या मालकाची, सात वर्षांपूर्वीची. पुन्हा तेच दार. प्रत्येकीत फोटो, गिलावा केलेल्या कोऱ्या भिंतीचा.

"मधे कुणी उघडलं का हे?"

"उघडायची परवानगी कुणी मागितलीच नाही, बाई." कारकुनानं फायली जरा घाईनंच ओढून घेतल्या.

ताईनं तिथूनच चिमीला फोन लावला.

"मागच्या खोलीतच आहे गं," चिमी म्हणाली. "टेपचं टोक बाहेर पलंगाच्या पायाला अडकवलंय, पण अगं, टेप पुरतच नाहीये."

"चिमे, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

"थांब ना. काल एवढी लांब नव्हती ही." मग आवाज एकदम बारीक झाला. "ताई, दार कुठे गेलं?"

फोन बंद पडला.

ताई त्या घरी कशी पोचली, तिचं तिला कळलं नाही. मालक, एकटा राहणारा म्हातारा, जिन्याखाली उभा होता. त्याला ओलांडून ती वर धावली.

बेडरूममध्ये लख्ख ऊन होतं. पलंगावर चिमीची पर्स. समोर भिंत, कोरी.

पलंगाच्या पायापासून निघालेली पिवळी टेप ताणून सरळ गिलाव्यात शिरली होती. फट नाही, रंगाला तडा नाही.

ताईनं टेप मुठीत धरली.

पलीकडून दोनदा हलकी ओढ बसली.

"चिमे?"

पुन्हा दोनदा. पलंग करकरत इंचभर भिंतीकडे सरकला. टेपच्या पोलादी पात्याची धार ताईच्या तळहातात रुतली.

मालक दारात येऊन थांबला. आत पाऊल टाकेना.

"गवंडी बोलवा, पोलीस बोलवा," तो म्हणाला, "पण हातातलं सोडू नका. आमची ही ओढत होती, तेव्हा मी सोडलं."

त्याचा आवाज ऐकला तशी टेप सैल पडली. मग वीत वीत करत ती भिंतीतून बाहेर येऊ लागली.

टेप सोळा फुटांची होती. ताईच्या मुठीतून एकविसावा फूट गेला, बाविसावा गेला. आकडे तसेच, छापील, ठळक.