मारू का रे?

काम साधं होतं. डिझेलचा फिल्टर बदलायचा, पाइपात शिरलेली हवा काढायची आणि दुपारी चारच्या भरतीला माझी शिडाची बोट तिच्याच इंजिनावर धक्क्यापासून हलवून दाखवायची. नाही हलली, तर बंदराचा अधिकारी ती ओढून कोरड्यावर ठेवणार होता, आणि कोरड्यावरच्या बोटीत राहायला परवानगी नसते. मला दुसरं घर नाही. दादाने त्याच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली होती. खिडकीला पडदेसुद्धा लावले होते म्हणे. बावन्नाव्या वर्षी भावाच्या मागच्या खोलीत जाऊन बसायचं? नुसत्या विचारानेच डोक्यात तिडीक जायची.

"मेकॅनिक बोलव," दादा म्हणाला. "हट्ट पुरे झाला गं आता."

"हट्ट नाही, फिल्टर आहे. तू वर सुकाणूपाशी बस. मी 'मार' म्हटलं की स्टार्टरचं बटण दाबायचं, 'थांब' म्हटलं की सोडायचं. इतकं जमेल ना?"

खरं तर तीन वर्षं मी हातपंपाने एकटीच हवा काढत आले होते. पंप नेमका त्या दिवशी फुटला. बोट विकताना म्हाताऱ्या मालकाने बजावलं होतं, "इंजिनाचं काम एकटीनेच करा. वर कुणाला बसवू नका." तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी जन्म या बोटीवर काढला. धाकटा खाली इंजिनाशी, थोरला वर बटणाशी. एकदा धाकट्याचा हात इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात गेला. तो त्यातून वाचला नाही. "तो 'थांब' म्हणाला की 'मार', मला अजून कळलेलं नाही," एवढंच म्हातारा म्हणाला. वर्षभरात तोही गेला.

शिडीखालच्या खणात मी पोटावर शिरले. डिझेलचा, गंजाचा, ओल्या लाकडाचा वास. इंजिनाच्या पलीकडे बोटीच्या भिंतीपर्यंत जेमतेम हात जाईल एवढी फट, आणि तिच्यात काळोख. बाहेर भरदुपारी धुकं उतरलं होतं. पाणी तळाला चुबुक चुबुक लागत होतं.

नवा फिल्टर बसवला आणि हवा सोडायचा स्क्रू सैल केला. "मार!" इंजिन कण्हलं, स्क्रूतून फेस आला. "थांब!" थांबलं. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला मी पाना पुसत होते, तेवढ्यात वरून हळू आवाज आला.

"मारू का रे?"

दादाने जन्मात मला कधी 'रे' म्हटलं नव्हतं. बाईमाणूस इंजिनात हात घालते म्हणून चिडवतोय, असंच मला वाटलं.

"रे काय, रे? लाज नाही वाटत?"

पुन्हा, अजिजीने, "मारू का रे...?"

पाना हातात घेऊनच मी वर गेले. सुकाणूपाशी कुणी नव्हतं. दादा धक्क्यावर खांब धरून उभा होता, चेहरा पांढराफटक.

"बोट लागली गं मला. पहिल्याच खेपेनंतर उतरलो. तुला सांगितलं, ऐकू नाही आलं?"

"पहिल्याच...?"

"हो ना. मग नंतर कोण...?" त्याने रिकाम्या सुकाणूकडे पाहिलं. "उतर! आत्ताच्या आत्ता उतर. बोट गेली खड्ड्यात."

मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू? पण भरतीला अर्धाच तास उरला होता. या बोटीचा तळ मी माझ्या हातांनी खरवडलाय, शिडं मी शिवलीत. आणि आता कुणीतरी विचारलं "मारू का" म्हणून मी पडदेवाल्या खोलीत जाऊ? मी पुन्हा खाली उतरले.

"मारू का रे...?"

"मी रे नाही!" मी ओरडले. "तुमचा धाकटा गेला, काका. बोट आता माझी आहे. राहायचं तर खुशाल राहा, पण बटण माझ्याच शब्दावर दाबायचं, दुसऱ्या कुणाच्याही नाही. आणि मला गं म्हणायचं."

मी स्क्रूवर पाना चढवला. मग अगदी दबकत,

"मारू का... गं?"

"मार."

फेस सरला, डिझेलची सरळ धार लागली. मी स्क्रू कसला आणि इंजिन धडधडायला लागलं. चार वाजता मी दोर सोडले. अधिकारी हाताची घडी घालून बघत राहिला. दादा हात हलवत होता. ये म्हणत होता की जा, ते धुक्यात कळलं नाही.

तेव्हापासून इंजिनाची सगळी कामं मी आणि काका करतो. वरचा शब्दाबाहेर जात नाही. परवा मी पट्ट्याचा ताण बघत होते, दोन बोटं पुलीला टेकलेली. मी तोंडही उघडलं नव्हतं. तेवढ्यात इंजिनाच्या पलीकडून, त्या अरुंद फटीतून, कुणीतरी हसऱ्या आवाजात म्हणालं,

"मार..."

इंजिन हललं नाही. वरचा माझ्या शब्दासाठी थांबून राहिला होता. मी बोटं काढून घेतली आणि मोजली. सगळी होती.

"ऐकलंत ना काका?" मी वर ओरडले. "तुमचा धाकटा 'मार'च म्हणाला होता!"

वरच्याला मी वळण लावलंय. या पलीकडच्याशी अजून बोलायचंय, आणि पट्टा तर दर महिन्याला तपासावाच लागतो.