आईने फेकलेला चेंडू

"हा माझ्या आईचा चेंडू नाही!"

एवढंच बोलून आर्डिथ नोव्हाकने फोन आपटला. पोलीस अधिकारी विल्मा हॅगर्टी कॉफी तशीच टाकून आर्डिथ सांभाळत असलेल्या ओहायोतल्या त्या चिमुकल्या बेसबॉल संग्रहालयात पोहोचली.

कपाटात चेंडू तर होता. वर आर्डिथच्या आईची सहीही होती, पण ती आईच्या हातची नाही असं आर्डिथ म्हणत होती. एकोणीसशे सेहेचाळीस साली, महायुद्धानंतरच्या पहिल्या सामन्याआधी, मानाचा पहिला चेंडू तिने प्रेक्षकांतून फेकला होता. तिचा मुलगा टेड, संघाचा कॅचर म्हणजे चेंडू झेलणारा, युद्धावरून परतलाच नव्हता.

"म्हातारीला भास होतात," आर्डिथकडे बोट दाखवत विश्वस्त मिल्टन स्ट्रँड फिसकारला. त्याला जुन्या चेंडूंचा भारी हव्यास. "नाहीतर हिनेच खरा घरी नेलाय. आजच किल्ली काढून घेतो."

आर्डिथने किल्ली मुठीत घट्ट धरली. या खोलीपलीकडे तिला होतं तरी काय?

कपाटाची किल्ली आर्डिथ आणि स्ट्रँड धरून तिघांकडेच. तिसरा क्लाइड ओव्हर्बी. टेडच्या जागी आलेला कॅचर, पुढे जन्मभर पंच, आता इथली काचसफाई करणारा.

विल्माने चेंडू हातात घेतला. सगळीकडून सारखाच मळकट, बोटांना धरून राहणारा. शिवणीत करडी रेघ.

"मिस्टर स्ट्रँड, नवा चेंडू जुना कसा भासवतात?"

"माझ्यावर संशय? लबाड लोक चहात बुडवतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

विल्माने वास घेतला. चहा नव्हे, ओली माती.

"क्लाइड, आईंचा चेंडू नंतर सामन्यात वापरला?"

"छे! खोक्यातून काढून तसाच तिच्या हाती दिला होता. मी झेलला आणि लगेच तिला परत नेऊन दिला."

"म्हणजे त्याला गाळ लागलाच नव्हता."

क्लाइडने हात खिशात घातले.

"नवा चेंडू गुळगुळीत असतो," विल्मा म्हणाली. "फेकणाऱ्याच्या हातून निसटू नये म्हणून सामन्याआधी पंच त्याला नदीचा गाळ चोळतो. याला तसाच चोळलाय, अगदी सराईतपणे. मिस्टर स्ट्रँडनी चहा वापरला असता. आर्डिथला चोरायचा असता तर तिने मला फोन कशाला केला असता? क्लाइड, तुम्हाला जुना भासवायचा होता, पण हातांनी सवयीचंच काम केलं."

क्लाइडने काचेचं फडकं बाजूला ठेवलं.

"चेंडू झेलला तेव्हा तिने टेड म्हणून हाक मारली मला," तो म्हणाला. "एवढ्या लोकांदेखत. मी ओ दिली. तिच्यानंतर मला तशी हाक कुणी मारली नाही, आर्डिथ. चेंडू घरी आहे. यावरची सही मीच गिरवली. मागितला असता, तर दिला असतास?"

"नाही." आर्डिथ क्षणभरही थांबली नाही. राग आणि रडू एकदमच आलं तिला. "पण हे तू मला आधी सांगायला हवं होतंस, मेल्या. आईने त्या दिवशी टेडला शेवटची हाक मारली, आणि मी गर्दीत मागे उभी होते. मला ऐकूच आली नव्हती."