उलटी भरलेली फुलं

मातुरीन ऐन दुपारी बाप्तिस्म्याचा झगा उजेडात धरून बसली होती. घर सोम नदीच्या दलदलीला लागून, भिंतींना बारा महिने ओल. सहा आठवड्यांचा फिर्मँ पाळण्यात झोपला होता. सासरची सात पिढ्यांची पोरं ह्याच झग्यात देवळात गेलेली. गळ्याशी तीन पाकळ्यांची तीन फुलं भरलेली, जुन्या राजांच्या निशाणावर असत तशी. पण तिन्ही उलटी, देठ वर.

“आई, भरणारीला दिसत नव्हतं वाटतं? फुलं डोक्यावर उभी केलीत!”

सासू लेओकादी शेंगा सोलत होती. “फुलं कसली? बेडूक आहेत ते. बाजूला पाय, मधे धड. राजांना लाज वाटली, म्हणून फुलं म्हणायला लागले.”

“शी! पाद्रीबाबा तर मरियामाईची लिली म्हणतात.”

“पाद्री अमियँ शहराचा, तूही तिथलीच. दलदल तुम्ही चित्रातच बघितलेली.”

“आणि तुमचे भाऊ म्हणतात भाल्याचं टोक.”

“लढाईवरून आल्यापासून त्याला चमच्यातही भाला दिसतो. तू ऐक पोरी. उलटं भरलंय ते मुद्दाम. उलट्या बेडकाला उडी मारता येत नाही.”

मातुरीन हसली. रविवारी बाप्तिस्म्याला तिची शहरातली आई येणार होती. तिला उलटी फुलं दाखवायची? सासू बाजाराला गेली तशी तिने टाके उसवले. दोरा निघेना. निघाला तो बुळबुळीत, बेडकाच्या अंड्यांच्या माळेसारखा बोटांना चिकटत. खालचं कापड हिरवट, कुजक्या चिखलाचा भपकारा. तरी नाक दाबून तिने पांढऱ्या रेशमाने तिन्ही फुलं सुलट भरली.

रविवारी सगळ्यांनी फुलांची तारीफ केली. सासूने मात्र झग्याच्या गळ्याकडे एकदाच पाहिलं.

त्या संध्याकाळपासून फिर्मँ दूध पिईना. छातीला लावला की थंडगार ओठ घट्ट मिटायचा. रडायचा मात्र नाही. टक लावून बघायचा, पापणी न हलवता. मातुरीनच्या छातीत दूध दाटून गाठी झाल्या. चौथ्या दिवशी ती सासूच्या पायांशी बसली.

“आई, मी पुन्हा उलटी भरते... आत्ता भरते...”

लेओकादीने पेटीतून झगा काढून तिच्या पुढ्यात टाकला. गळ्याशी दोनच फुलं होती. तिसऱ्याच्या जागी दोऱ्याचा तुकडासुद्धा नव्हता, नुसती ओल.

“दोन भर,” सासू हलक्या आवाजात म्हणाली. “तिसरं कुठून आणशील?”

मातुरीनने ती दोन उलटी भरली. फिर्मँने दूध घेतलंच नाही. आणि तरी आठ दिवसांत तो गुबगुबीत झाला. गालांवर तकाकी, पोट टम्म. बघायला येणाऱ्या बाया म्हणायच्या, “काय गं बाई, आईचं दूध मानवलंय!”

ऑगस्टचा महिना, भिंतीपलीकडे गोठा. त्याच बाया दुधाच्या भांड्यावर हात वारायच्या सवयीने, आणि मग हात तसाच थांबायचा.

“तुझ्याकडे माशा कशा नाहीत गं?”

मातुरीन खाली वाकून लेकराचं तोंड पुसायची. फडक्याला लाळेबरोबर काळे, केसासारखे बारीक पाय लागलेले असायचे.