शेजारची उशी

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्या सख्ख्या ताईसोबत घडलंय, आणि तेही भर दुपारी.

ताई मुलांच्या हॉस्पिटलात समाजसेविका आहे. आजारी मुलाला घरी सोडण्याआधी घर बघायचं, घरच्यांना सगळं शिकवायचं, हे तिचं काम.

ती मुलगी पहिलीतली. गळ्यात नळी. श्वास तिच्यातूनच, त्यामुळे आवाज फुटत नव्हता. आई जिन्यावरून पडून वारली, असं बाप सांगायचा. माणूस गोड बोलायचा. ताईला भला वाटला होता.

मुलीला सोडण्याआधी ताई त्यांचं घर बघायला गेली. तिसऱ्या मजल्यावर. खोली चकाचक. पलंग, कफ ओढायचं मशीन, सगळं जागच्या जागी.

"मशीन चालवून दाखवा बरं," ताई म्हणाली.

"दाखवतो की, मॅडम."

तो प्लग लावायला वाकला... आणि मशीन आपोआप सुरू झालं.

वायर अजून त्याच्या हातातच होती.

घर्र... घर्र...

बाटलीत काहीतरी चढायला लागलं. लाल. दाट.

बापाचा चेहरा पांढराफटक पडला. दाराकडे बघत तो ओरडला, "तू मेलीस ना! मीच ढकललं होतं तुला!"

दारात कुणीच नव्हतं.

त्याचे केस ताठ वर ओढले गेले. डोकं भिंतीवर आदळलं. पुन्हा. पुन्हा. दात फरशीवर सांडले. ताईने त्याचा दंड धरला, तर पलीकडून असा हिसका बसला की त्याचा खांदा कडाड्कन निखळला.

"मॅडम, सोडू नका!"

ताईचे हात सुटले.

तो फरफटत दाराबाहेर गेला. मग जिन्यावरून धपाधप... धपाधप... आणि शांतता.

खाली लोक पोचले तेव्हा तो संपला होता.

त्याने काय कबूल केलं, ते ताईने पोलिसांना सांगितलं. "आणि हा कसा पडला?" त्यांनी विचारलं.

"पाय घसरला," ताई म्हणाली. दुसरं काय सांगणार?

मुलगी मावशीकडे गेली. मावशी मायाळू, जराशी तापट. मागच्या आठवड्यात ताई भेटायला गेली, तर मावशीच्या मनगटाला प्लास्टर.

"औषध घेईना, म्हणून नुसता हात उगारला हो," मावशी रडायला लागली. "कुणीतरी पिरगाळला. मॅडम, हिला परत घेऊन जा..."

पलंगावरच्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं. गप्प बसा, अशी खूण केली.

मग शेजारच्या रिकाम्या उशीकडे बघितलं...

उशीत खोलगट खळगा पडला होता.

उद्या ताईला पुन्हा तिथे जायचंय. सोबत चल म्हणतेय.

मी अजून हो म्हटलेलं नाही.