चार बोटांचा पंजा

प्लास्टिकवर रंग धरत नाही, तो बहुतेक वेळा माणसाच्या उघड्या हातामुळं. घाम नाही तं तेल लागतं, मग वरून कितीही भारी रंग मारा, पापुद्रा निघतेच. म्हणून रायपुरजवळ उरल्याच्या आमच्या कारखान्यात मी दिवसभर खेकसत राहते, हातमोजे घाला रे!

नव्या रायपुरच्या बसमधली प्लास्टिकची झाकणं रंगवून राहिलो होतो. रंग पक्का बसला का पाहाले मी ब्लेडनं रंगावर चौकटी ओरखडल्या, टेप चिकटवली, झटक्यानं ओढली. रंग निघाला तो पंजाच्या आकारात. अंगठा धरून चार बोटं. करंगळी नव्हती.

माहा नवरा पियुष हीच झाकणं ओतणाऱ्या साच्याच्या मशीनवर आहे. त्याचा अंगठा लहानपणी मोडून वाकडा झाला. खुणेतला अंगठाही वाकडाच.

"तुहाच हात हाय हा!" मी ओरडली.

त्यानं हसत पंजा खुणेवर ठेवला. सगळी बोटं बरोबर बसली, करंगळी तेवढी चांगल्या रंगावर राहिली.

"पाय, माहं एक बोट जास्त हाय. अन् तू आधी हातातल्या त्या दोन बांगड्या काढ, मंग मले शिकव."

झाकणं स्पिरिटनं पुसली, उरलंसुरलं तेल जळावं म्हणून वरून ज्योत फिरवली, पुन्हा रंगवली. पंजा निघालाच. कोणी हात न लावता साच्यातून चिमट्यानं काढलेल्या झाकणावरही निघाला. म्हणजे तेल साच्यातच होतं.

"तू साच्यात हात घालू नको. माही शपथ हाय तुले."

"पुसल्याबिगर तेल जाईन का? काहून भेतं? मेन स्विच तूच बंद कर."

मी केला. मशीनची घरघर थांबली, तिचे दिवे गेले. स्विचच्या पेटीला कुलूप लावून किल्ली मुठीत धरली.

"झालं?"

"हव."

पियुषनं फडकं घेऊन हात आत घातला.

साचा मिटला.

ऊस मोडल्यासारखा आवाज आला. त्यानं आधी माह्याकडे पाहिलं. मग तो किंचाळला. मी त्याची कंबर धरून जीव खाऊन ओढलं. रक्त माह्या तोंडावर उडालं. हात सुटला, करंगळी आतच राहिली.

मेल्या साच्याचे तुकडेच करीन म्हणून त्या हप्त्यात मी घण घेऊन कारखान्यात गेली. मशीनपाशी त्याच साच्यातलं नवं रंगवलेलं झाकण वाळत होतं. सवयीनं टेप लावली, ओढली.

पंजा नव्हता.

एक बारीक मनगट निघालं. त्यावर दोन बांगड्यांच्या रेघा.

मनगटाच्या पुढं रंग घट्ट धरलेला होता.